म्हापशाच्या एसी-फ्रीज दुरुस्तीवाल्याचे चोवीस हजार कुठे गेले?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात चूक असेल तर लगेच कळेल. म्हापशात एसी आणि फ्रीज दुरुस्तीचे दुकान. तुम्ही स्वतः आणि हाताखाली कामाला दोन मुलगे. जून आणि जुलै असे दोन महिने गुगल सर्चवर जाहिरात चालवली. जीएसटी सोडून २४,००० रुपये गेले, ८१२ क्लिक आले, ६१ फोन आले, कामे झाली ७. जाहिरात सांभाळणारा म्हणतो, बजेट दुप्पट करा, मग गुगलचे मशीन शिकेल. घरचे म्हणतात, बंद करून टाका. कोणाचे ऐकू, असे तुम्ही विचारता.

आज तरी कोणाचेच ऐकू नका. जाहिरात दोन आठवडे थांबवून ठेवा. बजेट वाढवू नका आणि कायमची बंदही करू नका. या दोन आठवड्यांत करायचे ते बहुतेक वाचनाचे काम आहे. त्याला पैसे लागत नाहीत, रोज तासभर बसावे लागते.

मी अकरा वर्षे गोव्यातल्या लहान धंद्यांची गुगल जाहिरातीची खाती सांभाळतो: दवाखाने, गेस्ट हाऊस, वाळवीचे औषध मारणारे, दोन-तीन एसीवाले. महिन्याला दहा ते चाळीस हजार खर्च करणारी ही माणसे. मी सांगतो ते या मापाच्या खात्यांना लागू पडते. दिवसाला लाखभर खर्चणाऱ्या कंपनीचे गणित निराळे असते. शिवाय तुमचे कामाचे मुलगे किती लांब जाऊ शकतात, फोनवर बसायला घरात कोणी आहे का, वेबसाइट कशी आहे, यावर पुष्कळ अवलंबून आहे. जिथे तसे आहे तिथे सांगत जाईन.

पहिल्यांदा आकडे बघू. २४,००० भागिले ८१२ म्हणजे क्लिक साडेएकोणतीस रुपयांना पडला. माझ्या हातातल्या खात्यांच्या मानाने हा भाव जड नाही. तेरा क्लिकांमागे एक फोन, हेही पहिल्या दोन महिन्यांत चालण्यासारखे आहे. पण ६१ फोनांतून ७ कामे, म्हणजे जवळजवळ नऊ फोनांमागे एक, इथे गाडी अडली आहे. एका कामापाठी ३,४०० रुपयांहून जास्त गेले. ज्याचा फ्रीज बंद पडून आतले मासे खराब व्हायला लागले आहेत, त्याला भाव विचारत बसायला वेळ नसतो. संध्याकाळपर्यंत कोणीतरी घरी यावे एवढेच त्याला हवे असते. असे नऊ जण फोन करतात आणि आठ हातचे जातात, तर एक तर ते तसले गरजू नव्हतेच, किंवा होते आणि त्यांना वेळेवर नीट उत्तर मिळाले नाही. तुमच्याकडे दोन्ही झाले आहे असे मला वाटते.

तुम्ही सर्च टर्म्सच्या अहवालातल्या पंधरा ओळी पाठवल्यात हे फार चांगले केले. बहुतेक जण कीवर्डची यादी पाठवतात. कीवर्ड म्हणजे आपण मागितलेले शब्द आणि सर्च टर्म म्हणजे समोरच्या माणसाने मोबाइलवर खरोखर टाइप केलेले किंवा बोललेले शब्द. पैसे जातात ते या दुसऱ्या यादीवर. तुमच्या यादीतल्या काही ओळी देवनागरीत उतरवतो: ‘एसी बस सर्व्हिस गोवा टू पुणे’. ‘एसी रूम नियर बागा’. ‘एसी मेकॅनिक कोर्स आयटीआय’. ‘एसी टेक्निशियन जॉब गोवा’. ‘सेकंड हँड फ्रीज मापुसा’. ‘एसी फिल्टर घरी कसा साफ करावा’. आणि तीन निरनिराळ्या कंपन्यांच्या नावांपुढे ‘कस्टमर केअर नंबर’.

पंधरापैकी नऊ ओळींत तुमचे गिऱ्हाईक असण्याची शक्यताच नाही. आणि हे दिसले तेवढेच. २०२० च्या सप्टेंबरपासून गुगल फार थोड्या लोकांनी केलेले शोध या अहवालात उघड करत नाही. त्या क्लिकांचे पैसे लागतात, शब्द मात्र दिसत नाहीत. म्हणून जे दिसते ते तरी ओळ न ओळ वाचायचे.

असे झाले कसे? तुमच्या खात्यात ‘एसी सर्व्हिस गोवा’ हा कीवर्ड ब्रॉड मॅचमध्ये घातलेला आहे. ब्रॉड मॅच म्हणजे गुगलला दिलेली मोकळीक: या शब्दांशी संबंध वाटेल त्या कुठल्याही शोधावर जाहिरात दाखव. ‘सर्व्हिस’ म्हणजे बसचीही सर्व्हिस आली. लहान खात्यात, जिथे मशीनला दाखवायला जुना हिशेब नाही, तिथे मी ब्रॉड मॅचने सुरुवात कधीच करत नाही. फ्रेज मॅच घ्या, म्हणजे कीवर्ड अवतरणचिन्हांत: त्या शब्दांचा अर्थ ज्या शोधात येतो तिथेच जाहिरात दिसते. दोन-चार अगदी पक्के शब्द एक्झॅक्टमध्ये, म्हणजे चौकटी कंसात. आता एक्झॅक्टही अक्षरशः तंतोतंत राहिलेला नाही. त्याच अर्थाचे शोध गुगल त्यात धरते. तरी लगाम बराच आवळला जातो. यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओंत शब्दाआधी अधिकचे चिन्ह लावायला सांगतात. तो प्रकार २०२१ मध्ये बंद झाला, त्यात वेळ घालवू नका.

मग निगेटिव्ह कीवर्ड, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दाखवू नको असे गुगलला सांगायचे ते. बस, रूम, हॉटेल, कोर्स, जॉब, सॅलरी, सेकंड हँड, ‘हाउ टू’, कस्टमर केअर. इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. साध्या कीवर्डला गुगल जवळचे शब्द आपणहून जोडून घेते, निगेटिव्हला तसे करत नाही. ‘जॉब’ अडवला म्हणून ‘जॉब्स’ अडत नाही, ‘व्हेकन्सी’ तर नाहीच, आणि देवनागरीतला ‘नोकरी’ हा चौथा शब्द. प्रत्येक रूप वेगळे लिहावे लागते. दर सोमवारी अर्धा तास या कामाला ठेवा. मी अजून ठेवतो. मात्र हात आवरता घ्या. ‘प्राइस’, ‘चार्जेस’, ‘रेट’ हे शब्द अडवू नका. एसीत गॅस भरायला किती पडतात असे विचारणारा माणूस पुष्कळदा गॅस भरून घ्यायलाच निघालेला असतो.

कंपनीच्या नावाने शोधणाऱ्यांबद्दल जरा थांबून बोलतो. हे क्लिक मोहात पाडतात, कारण फोन लगेच येतो. पण तो माणूस वॉरंटीतला एसी घेऊन बसलेला असतो. पहिला प्रश्न विचारतो, ‘तुम्ही कंपनीचेच ना?’ तुम्ही खरे सांगितलेत की तो फोन ठेवतो. तुमच्या ६१ फोनांतले निदान पंधरा-वीस असेच असणार. काही जण यावर उपाय म्हणून जाहिरातीत कंपनीचे अधिकृत केंद्र असल्याचा भास होईल असे लिहितात. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका. आपण कोण आहोत हे लपवणारी जाहिरात गुगलच्या नियमांत बसत नाही, त्यापायी अख्खे खाते बंद होऊ शकते. आणि म्हापशासारख्या गावात, जिथे शुक्रवारच्या बाजारात अर्धा बार्देश तालुका एकमेकांना भेटतो, तिथे खोटे सांगून घरात शिरलेल्या मेकॅनिकचे नाव फार दिवस झाकून राहत नाही. कंपनीची नावे सरळ निगेटिव्हमध्ये घाला. वॉरंटी संपलेल्यांसाठी ‘आउट ऑफ वॉरंटी’ हे शब्द जाहिरातीत लिहा. ती माणसे तुमची.

आता ठिकाण. गोव्यात धंदा करणाऱ्याला याची सर्वांत मोठी झळ बसते. लोकेशनच्या सेटिंगमध्ये गुगल मुळातच जो पर्याय निवडून ठेवते, त्याचा अर्थ असा की गोव्यात असलेले लोक आणि गोव्याबद्दल रस दाखवणारे लोक, दोघांनाही जाहिरात दाखव. साताऱ्यातल्या एसीवाल्याला याने फारसा फरक पडत नाही. पण गोव्याबद्दल रस असलेली माणसे देशभर पसरली आहेत. पुण्यात, बेंगळुरूत बसून डिसेंबरची ट्रिप ठरवणारा माणूस ‘गोवा एसी’ असे काहीतरी टाइप करतो आणि तुमचे तीस रुपये जातात. तुमच्या खात्यात लोकेशनच्या अहवालात जाऊन क्लिक करणारा प्रत्यक्ष कुठे होता ते बघा. महाराष्ट्र आणि कर्नाटक भरपूर दिसेल. सेटिंग बदलून फक्त प्रेझेन्स ठेवा, म्हणजे जो खरोखर त्या भागात आहे किंवा नेहमी असतो तोच. तुम्ही होमस्टे चालवत असता तर मी याच्या बरोबर उलट सांगितले असते. तिथे बाहेर बसलेलाच आपला पाहुणा असतो.

शिवाय सबंध गोवा निवडायचे कारण नाही. म्हापशाहून काणकोणला मुलगा पाठवला तर दीड-दोन तास जायला, तेवढेच यायला, दिवस संपला. नकाशावर गोल काढून त्रिज्या ठरवणे सोपे वाटते, पण गोलाला नदी कळत नाही. दिवाडी बेट वीस किलोमीटरच्या गोलात बसेल, पण फेरीबोटीशिवाय तिथे पोचता येत नाही. उलट बाजूला दोडामार्गाकडचा महाराष्ट्रही त्या गोलात येऊ लागतो. तिथे जाणार असाल तर ठेवा, नसाल तर वगळा. मी असतो तर बार्देशची गावे एकेक करून घेतली असती, पेडणे आणि डिचोलीतली जवळची, आणि पणजी-पर्वरी. सुरुवातीला एवढेच.

आणि गावांची नावे! बाहेरून शिकून आलेला जाहिरातवाला इथे हमखास चुकतो. आपली गावे दोन-दोन रूपांत जगतात. इंग्रजीत टाइप करणारा पाटीवरचे पोर्तुगीज वळणाचे नाव लिहितो: मापुसा, सिओलिम, अंजुना, तिविम, अल्डोना, असोनोरा. मोबाइलला तोंडी विचारणारा म्हणतो: म्हापसा, शिवोली, हणजूण, थिवी, हळदोणे, अस्नोडा. मोठ्या गावांच्या बाबतीत ही दोन्ही नावे एकच असल्याचे गुगल सहसा ओळखते. अस्नोडा आणि असोनोरा एकच हे प्रत्येक वेळी ओळखेल यावर मी विसंबत नाही. म्हणून दोन्ही रूपे कीवर्डमध्ये घालतो. देवनागरी शब्दांचा वेगळा ॲड ग्रुप (कीवर्ड आणि त्यांच्या जाहिरातींचा गट) करतो आणि त्याची जाहिरात मराठीत लिहितो. अशा शोधांची संख्या थोडी असते, पण तिथे स्पर्धाही थोडी असते आणि माझ्या खात्यांत तरी ते क्लिक स्वस्त पडले आहेत. खात्यात भाषेचे सेटिंग दिसत असेल तर त्यात इंग्रजी, हिंदी आणि मराठी तिन्ही निवडा. कोंकणी त्या यादीत नाही.

हे झाले चुकीची माणसे येण्याचे. आता योग्य माणसे निसटण्याचे.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये फोंड्याच्या एका एसीवाल्याने मला अगदी तुमचाच प्रश्न विचारला होता. त्यांच्या खात्यात मला मोठी चूक सापडेना. शेवटी एका सोमवारी सकाळी नऊला मी त्यांच्या दुकानात जाऊन बसलो. जाहिरातीतला नंबर मालकाच्या खिशातल्या मोबाइलचा होता आणि मालक शेजारच्या इमारतीत शिडीवर चढून आउटडोअर युनिट उतरवत होते. मी खाली उभा होतो. फोन वाजला. दोन्ही हातांत युनिट, फोन वाजत राहिला आणि थांबला. पुन्हा वाजला, तेव्हा त्यांनी खांद्याने कसाबसा कानाशी धरला, मागे ड्रिल चालू, ‘मागीर करतां’ (नंतर करतो) म्हणाले आणि ठेवला. एक वाजेपर्यंत अकरा फोन आले. चार उचललेच गेले नाहीत, दोन असे ड्रिलच्या आवाजात बुडाले. दुपारी जेवून आम्ही त्या सहांना परत फोन लावले. चौघांनी सांगितले, दुसरा माणूस येऊन गेला किंवा येतो आहे. त्या दिवशी मालकांचा चेहरा पाहवत नव्हता, कारण या फोनांचे पैसे त्यांनी आधीच भरलेले होते.

उपाय अगदी घरगुती निघाला. त्यांच्या वहिनींनी फोन आपल्याकडे घेतला. शाळेची दोनशे पानी वही, तिच्यात पाच रकाने: वेळ, गाव, काय बिघडले, काय भाव सांगितला, पुढे काय झाले. ‘आज साडेचारला मुलगा येतो, तपासणीचे एवढे पडतील’ एवढे स्पष्ट वाक्य बोलायला त्या शिकल्या. पुढच्या महिन्यात जाहिरातीत आम्ही काहीही बदलले नाही आणि कामे जवळजवळ दुप्पट झाली. तुमच्याकडे असे कोणी आहे का ते मला माहीत नाही. नसेल तर जाहिरातीच्या वेळा कापा. ॲड शेड्यूलमध्ये तास ठरवता येतात. दुपारी एक ते साडेतीन आपल्याकडे दुकाने बंद, माणसे जेवून आडवी झालेली. त्या वेळेत फोन घेणार नसाल तर जाहिरातही मिटून ठेवा. रविवारचे तसेच. जितके तास कोणीतरी नीट बोलू शकेल तितकेच तास जाहिरात, मग ते चारच का असेनात.

ही वही तुम्हालाही लागेल, कारण पुढचा हिशेब तिच्याशिवाय होत नाही. समजा साध्या सर्व्हिसिंगचे गिऱ्हाईक ६०० रुपये देते. मुलाचा रोज, पेट्रोल, सामान जाऊन तुमच्या हातात २५० उरतात. त्यातले फार तर १०० जाहिरातीला देता येतील. तीन फोनांमागे एक काम धरू, म्हणजे एका फोनला ३३ रुपये. दहा क्लिकांमागे एक फोन धरू, म्हणजे एका क्लिकला ३ रुपये ३० पैसे. साडेएकोणतीसच्या बाजारात हे बसत नाही, कितीही हुशार माणूस खात्यावर बसवा. आता दुसरे टोक बघा. एका गेस्ट हाऊसच्या आठ एसींचे वर्षाचे कंत्राट, समजा १६,०००. खर्च जाऊन ६,००० उरले, त्यातले दीड हजार जाहिरातीला दिले. चार फोनांमागे एक कंत्राट धरले तरी एका फोनला ३७५, एका क्लिकला साडेसदतीस. हे बसते. तेच दुकान, तेच मुलगे, तीच जाहिरात, पण कशाची जाहिरात करायची यावर सगळे ठरते. माझे आकडे काढून तुमच्या वहीतले घाला. ‘एसी-फ्रीजची सगळी कामे’ अशी जाहिरात करणे सोडून जिथे हिशेब बसतो ती दोन-तीनच कामे उचला.

बार्देश-पेडण्यात तशी कामे आहेत. कळंगुटपासून मोरजीपर्यंत खाऱ्या वाऱ्याने आउटडोअर युनिटच्या कॉइलची पाती गंजून जातात, बारीक गळती लागते, गॅस भरला की काही महिन्यांत पुन्हा संपतो. पावसात वीज कमी-जास्त होऊन पीसीबी, म्हणजे एसीतले सर्किट बोर्ड, जळतात. हे तुम्ही रोज हाताळता, तुमच्या जाहिरातीत मात्र याचा एक शब्द नाही. तिथे आहे ‘बेस्ट क्वालिटी सर्व्हिस’ आणि ‘ट्रस्टेड एक्स्पर्ट्स’. हे दिल्लीतला वॉशिंग मशीनवालाही लिहू शकतो. गुगल तुम्हाला तीस-तीस अक्षरांची पंधरा शीर्षके आणि नव्वद अक्षरांची चार वर्णने देते, ती जागा फुकट घालवू नका. ‘गॅस पुन्हा पुन्हा संपतो?’ ‘गंजलेली कॉइल बदलून’ ‘शिवोली-हणजूण, त्याच दिवशी’ ‘गेस्ट हाऊस एसी कंत्राट’. आणि एक शीर्षक मी आग्रहाने घालायला लावतो: तपासणीचे शुल्क, आकड्यासकट. ‘तपासणी ३५० रुपये’. याने क्लिक कमी होतील, आणि तेच हवे आहे. फुकट सल्ला हवा असलेला तिथेच थांबतो आणि त्याच्या क्लिकचे तुमचे पैसे वाचतात. क्लिकचा भाव ठरतानाही याचा उपयोग होतो. प्रत्येक शोधावर कोणाची जाहिरात दाखवायची याचा गुगल लिलाव करते, आणि त्यात बोलीबरोबरच जाहिरात शोधाशी किती जुळते आणि पुढचे पान किती उपयोगी आहे यालाही महत्त्व असते.

पुढच्या पानाबद्दल थोडक्यात. मोबाइलवर उघडल्या उघडल्या वर फोनचे बटण, खाली गावांची नावे, कामांची नावे, तपासणीचा दर, तुमच्या मुलांनी खरोखर केलेल्या दोन-चार कामांचे फोटो. एवढे पुरे. आणि गुगलवरची तुमची फुकटची नोंद, नकाशात दुकान दिसते ती, अर्धवट आहे. वेळा चुकीच्या, फोटो एकच. जाहिरात थांबली आहे त्या दोन आठवड्यांत ती पुरी करा आणि झालेल्या प्रत्येक कामानंतर गिऱ्हाइकाला दोन ओळी लिहायची विनंती करा. त्याला एक पैसाही पडत नाही.

आता ‘मशीन शिकेल’ या वाक्याकडे येतो. ते अर्धे खरे आहे. मशीन शिकते, पण तुम्ही ज्याला यश म्हणून दाखवता तेच आणखी आणायला शिकते. तुम्ही लिहिले आहे की खात्यात १४३ कन्व्हर्जन (यश म्हणून मोजलेल्या कृती) दिसतात आणि फोन मात्र ६१. हा फरक कशाने, ते खात्यात बघा: कोणीतरी संपर्काचे पान उघडणे हेच कन्व्हर्जन म्हणून लावले आहे असे मला वाटते. तसे असेल तर दोन महिने मशीन पान उघडणारी माणसे शोधत होते आणि ती त्याने नेमाने आणली. दुप्पट बजेट दिले तर दुप्पट आणील. ते कन्व्हर्जन काढा. फोनच्या बटणावर दाबणे आणि व्हॉट्सॲपच्या बटणावर दाबणे, एवढी दोनच ठेवा. बटण दाबले म्हणजे फोन लागलाच असेही नाही, म्हणून खरा हिशेब वहीत.

बोलीसाठी सुरुवातीला मॅक्सिमाइज क्लिक्स (बजेटात जास्तीत जास्त क्लिक आणणारी पद्धत) घ्या आणि क्लिकला कमाल मर्यादा घाला, समजा ३५ रुपये. महिन्याला पंधरा-वीस खरे फोन या नव्या मोजणीत दिसू लागले की मग मॅक्सिमाइज कन्व्हर्जन्सवर जा. त्याआधी नको. परफॉर्मन्स मॅक्स या कॅम्पेनच्या प्रकारालाही तूर्त हात लावू नका. ते यूट्यूब, जीमेल, नकाशे सगळीकडे फिरते आणि एवढ्याशा खात्यात पैसे नक्की कुठे गेले ते वाचणे आणखी अवघड होते. सर्च कॅम्पेनमध्ये डिस्प्ले नेटवर्क आणि सर्च पार्टनर, म्हणजे गुगल सर्चबाहेरच्या साइट्स, यांची खूण काढा. शिफारशी आपोआप लागू होण्याचे सेटिंग बंद करा. तुमचा माणूस ९२ टक्के ऑप्टिमायझेशन स्कोअर (खाते किती नीट लावले आहे याचा गुगलचा अंदाज) दाखवतो, त्याने हुरळू नका आणि घाबरूही नका. लिलावात त्या आकड्याला काही वजन नाही आणि शिफारस नुसती नाकारली तरी तो वाढतो.

पैशाचे एक समजून ठेवा. रोजचे बजेट २०० ठेवले तर एखाद्या दिवशी ४०० पर्यंत जाऊ शकतात, ती चूक नव्हे. महिन्याची कमाल मर्यादा रोजच्या ३०.४ पट, म्हणजे ६,०८०. वर १८ टक्के जीएसटी धरून साधारण ७,१७५ हातातून जातील. तुमचा जीएसटी नंबर खात्याच्या बिलिंगमध्ये घातला आहे का ते बघा, म्हणजे नियमित नोंदणी असल्यास हा कर वळता करून घेता येईल. जीएसटीच्या लहान धंद्यांसाठीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर मिळणार नाही, तेव्हा तो खर्चातच धरा.

जाहिरात सांभाळणाऱ्याशी भांडू नका. तोही एकट्याने पुष्कळ खाती ओढत असेल. पण दोन गोष्टी आजच मागा. पहिली, खात्यात तुमच्या स्वतःच्या ईमेलला ॲडमिनचा अधिकार. मडगावच्या एका दवाखान्याचे खाते चार वर्षे एजन्सीच्या नावावर होते. पटेनासे झाले तेव्हा डॉक्टरांच्या हाती काहीच आले नाही: ना शब्दांची यादी, ना निगेटिव्ह, ना मागचा हिशेब. सगळे पहिल्यापासून उभे करावे लागले आणि मधले तीन महिने वाया गेले. एजन्सीने आपल्या मॅनेजर खात्यातून (अनेक खाती एकत्र सांभाळायचे खाते) तुमचे खाते जोडून घ्यावे, मालकी तुमची राहावी. दुसरी गोष्ट, चेंज हिस्ट्री उघडून दाखवायला सांगा. कोणी, कधी, काय बदलले ते तिथे तारखेसह दिसते. दोन महिन्यांत एकही निगेटिव्ह शब्द घातलेला नसेल, तर बजेट वाढवायचा सल्ला त्याने कशाच्या आधारावर दिला ते शांतपणे विचारा. उत्तर समाधानकारक असेल तर त्यालाच ठेवा. नवा माणूस शोधण्यापेक्षा असलेल्याला सोमवारची यादी वाचायला लावणे सोपे.

एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे, ती तुम्ही मोजली नाही. तुम्ही सुरुवात केली जूनमध्ये. पाऊस लागला, हवा गार झाली, किनाऱ्यावरची निम्मी गेस्ट हाऊस झाकलेली. एसीसाठी वर्षातला सर्वांत मंद काळ निवडला गेला. मार्च ते मे घरगुती एसींचा, आणि पर्यटकांचा मोसम सुरू होण्याआधीचे काही आठवडे गेस्ट हाऊसवाल्यांचे. वर्षाचे पैसे महिन्याला सारखे वाटू नका. तेच पैसे या दोन हंगामांत जास्त घाला, पावसात फ्रीजपुरती थोडी जाहिरात ठेवा.

म्हणून ऑगस्टचे पहिले दोन आठवडे वाचन, निगेटिव्ह, गावांची नावे, फोनची व्यवस्था. तिसऱ्या आठवड्यापासून रोज २०० रुपये, फक्त कॉइल-गॅस आणि गेस्ट हाऊस कंत्राट, फक्त फोन घ्यायच्या तासांत. दोन आठवडे काही बदलू नका, दर सोमवारची यादी तेवढी वाचा. मग वही आणि सर्च टर्म्स समोरासमोर ठेवून मला दाखवा, आपण मिळून बघू. चवथ (गणेशचतुर्थी) आटोपली की शिवोली-हणजूणचे लोक खोल्या उघडून एसी चालू करून बघायला लागतात, तोवर तुमचा फोन उचलायला कोणीतरी बसलेले असू दे.